सहा, साडेसहा, सात : जुना माउंटन डल्सिमर घेतानाच्या नोंदी

७ डिसेंबर

या हिवाळ्यात माउंटन डल्सिमर घ्यायचा आणि जुनाच घ्यायचा, हे आज नक्की केलं. नोंदी ठेवतोय, कारण पुण्यात हे वाद्य शोधणाऱ्याच्या हाताला मराठीत फारसं काही लागत नाही. मला जे कळत जाईल ते निदान एका जागी राहील.

आधी वाद्य कसं असतं ते. सुमारे तीन फूट लांब, चपटी, पोकळ लाकडी पेटी. मांडीवर आडवी ठेवायची. पेटीवर मधोमध लांबीभर एक दांडी, दांडीवर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या, वरून तीन किंवा चार तारा. चार असल्या तरी त्यातल्या दोन बहुधा एकमेकींना लगटून एकाच सुरात लावलेल्या असतात, म्हणजे हिशेब तीनचाच. वाजवणाऱ्याच्या पोटाकडची तार चालीची. पलीकडच्या दोन सतत छेडल्या जातात आणि मागे आधारस्वर धरून ठेवतात. उजव्या हातात नखी. डाव्या हाताने बोटं वापरायची किंवा जुन्या पद्धतीने बोटभर लांबीची गुळगुळीत काडी चालीच्या तारेवर सरकवायची.

हे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलॅशियन डोंगररांगांमधलं वाद्य. स्कॉटलंड-आयर्लंडच्या बाजूने तिथे गेलेल्या कुटुंबांमध्ये ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. पण त्याचं मूळ बहुधा जर्मन लोकांनी नेलेल्या शाइटहोल्ट नावाच्या लांबट पेटीत आहे, जिचं वर्णन प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवलंय.

मला ते का हवंय? माझा गळा पांढरी दोनचा, म्हणजे माझा सा हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, डी वर. आईच्या मागे तंबोरा धरून बसण्यात माझी शाळेची वर्षं गेली, त्यामुळे षड्ज-पंचम मागे चालू नसला की कानाला काहीतरी हरवल्यासारखं होतं. डल्सिमरची आज सर्वात रुळलेली जुळणी आहे डी-ए-डी. हार्मोनियमवर बोट ठेवून पाहिलं : पांढरी दोन, पांढरी सहा, वरची पांढरी दोन. सा, प, वरचा सा. इतक्या लांबच्या डोंगरांतलं वाद्य माझ्याच पट्टीत, माझ्याच आधारस्वरावर उभं आहे हे पाहिल्यावर मन हटेना.

नवा, चांगल्या कारागिराचा मागवायचा तर किमतीवर विमानाचं भाडं आणि कस्टम चढतं. म्हणून जुना.

१३ डिसेंबर

बुधवार पेठ, लक्ष्मी रोड. डल्सिमर म्हटल्यावर एका दुकानात संतूर पुढे आलं. ते समजण्यासारखं आहे, कारण हॅमर्ड डल्सिमर म्हणून एक वेगळंच वाद्य आहे. ते काड्यांनी वाजवतात आणि ते संतूरच्याच कुळातलं. त्याचा आणि माझ्या वाद्याचा संबंध नावापुरता. दुसऱ्या दुकानात बेंजो दाखवला, म्हणजे आपला बुलबुल तरंग. तो बराच जवळचा निघाला : तोही पेटीसारखा आडवा, त्यातही चालीच्या तारा वेगळ्या आणि आधाराच्या वेगळ्या. तो जपानी ताइशोगोतोवरून आपल्याकडे आला; ते वाद्य १९१२ मध्ये नागोयात तयार झालं. पण बेंजोत कळ दाबायची असते, तार बोटाखाली येत नाही. मला तार बोटाखाली हवी.

दुकानात मिळणार नाही हे नक्की झालं. आता परदेशातून परतलेल्या लोकांची घरं, जुन्या वस्तूंच्या जाहिराती आणि ओळखीपाळखी.

२१ डिसेंबर

दुपारभर वही घेऊन बसलो. जुनं वाद्य बघायला जाण्याआधी त्याच्या पडद्यांचं गणित स्वतःला सांगता यायला हवं, नाहीतर चमकणाऱ्या पॉलिशकडे पाहून पैसे द्यायची वेळ येते.

गिटारीवर बाराही सुरांचे पडदे असतात. डल्सिमरवर तसे नसतात. सात सुरांना लागतात तेवढेच. मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या, तारेपासून पडद्यांमधली अंतरं अशी : पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण. मोकळी तार सा धरली तर पहिला पडदा शुद्ध रे, दुसरा शुद्ध ग, तिसरा म, चौथा प, पाचवा ध, सहावा कोमल नी, सातवा वरचा सा. हा सरळसरळ खमाज थाट झाला. (थाट म्हणजे रागांची वर्गवारी करायचा सात सुरांचा साचा.)

आता सा दुसऱ्या पडद्यांवर सरकवून पाहिला. सा पहिल्या पडद्यावर घेतला की आसावरी. तिसऱ्यावर बिलावल, चौथ्यावर काफी, पाचव्यावर भैरवी, सहाव्यावर कल्याण. दुसऱ्या पडद्यावरून निघणाऱ्या सप्तकात शुद्ध पंचमच येत नाही, म्हणून ते सोडून द्यायचं. संगीतशास्त्री भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा या एका दांडीवर बसतात. राहिले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. त्या चौघांत दीड स्वराची उडी लागते, आणि या पडद्यांमध्ये ती कुठेच नाही.

अर्थात थाट बसला म्हणजे राग आला असं नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही; श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, नाहीत. पण पहिल्या वर्षाला पुरून उरेल एवढं इथे आहे.

आणि आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहिली तो मुद्दा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक कारागीर सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक जादा पडदा बसवतात. त्याला साडेसहावा म्हणतात. मोकळ्या तारेवर सा धरला की तो शुद्ध निषाद. म्हणजे तार न हलवता खमाज आणि बिलावल दोन्ही हाताशी. आणि खमाज रागात चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल नी, हे अगदी शेजारच्या दोन पडद्यांवर. तेव्हा वाद्य समोर आलं की पहिली नजर सहा आणि सातच्या मध्ये टाकायची. तिथे पट्टी असेल तर ते माझ्या कामाचं.

२८ डिसेंबर

पहिलं वाद्य पाहून आलो. कोरेगाव पार्कात एक कॅफे बंद होतोय, त्यांच्या भिंतीवर टांगलेलं होतं. दिसायला अतिशय देखणं. कमरेत आवळलेला आकार, हृदयाच्या आकाराची भोकं, काळपट लाल रंग. मालकाने फोटोत लिहिलं होतं की वाजतं.

सोबत स्टीलची पट्टी नेली होती. मोजायची पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण बाकी काही आठवलं नाही तरी ही आठवायला हवी.

सातवा पडदा सप्तकाचा, म्हणजे तो तारेच्या बरोबर मध्यावर हवा. मेरूपासून (खुंट्यांकडे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सातव्यापर्यंतचं अंतर आणि सातव्यापासून घोडीपर्यंतचं (दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती) अंतर जवळजवळ सारखं यायला हवं. घोडीकडचं एखाद्या मिलिमीटरने जास्त असलं तर चालतं, ते तार दाबताना ताणली जाते त्याची भरपाई. पण अनेक डल्सिमरांची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते. ती सरकली तर हे माप चुकतं, आणि तो वाद्याचा दोष नव्हे. म्हणून दुसरं माप घ्यायचं, ज्यात घोडीचा संबंधच नाही : मेरूपासून तिसरा पडदा हा सातव्याच्या निम्म्या अंतरावर हवा आणि चौथा दोन-तृतीयांशावर. मध्यम आणि पंचम. घोडी कुठेही असो, हे बदलत नाही.

इथे सातवा पडदा १३ इंचांवर होता. तिसरा साडेसहा इंचांवर हवा, तो सहाच्या जरासा पुढे. चौथा पावणेनऊच्या अलीकडे हवा, तो आठावर. पडदे कुणीतरी डोळ्यांना बरे दिसतील असे ठोकलेले होते. अशी वाद्यं शोभेसाठी बनतात आणि त्यांच्यावर कितीही खर्च केला तरी ती सुरात येत नाहीत. भेग सांधता येते, खुंटी बदलता येते, घोडी नवी करता येते. अख्खी दांडी उखडून नवी घालायची म्हणजे नवंच वाद्य करण्यासारखं आहे. मालकाला तसं सांगितलं. त्यांनीही ते शांतपणे ऐकून घेतलं. बहुतेक शोभेची वस्तू म्हणूनच विकतील, आणि तशी ती सुंदर आहेच.

११ जानेवारी

मिळालं.

सहकारनगरातल्या एका काकूंकडे. मुलगा आणि सून बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात होते. परत आले ते सामानासकट, आणि सामानात हे. ओळखीतून निरोप आला. मी गेलो तेव्हा काकूंनी ते आधीच माळ्यावरून काढून, पुसून, पलंगावर चादरीवर ठेवलं होतं.

"सुनेनं हौसेनं घेतलं हो तिकडे. शिकायलाही जायची. इथं आल्यावर नोकरी, मुलं… राहूनच गेलं. एक गिटारवाला आला होता, म्हणाला लाकडाचे दोन हजार देतो."

"काकू, दोन हजारांना अजिबात देऊ नका. मला आधी नीट बघू दे, मग काय वाटतं ते स्पष्ट सांगतो."

"बघा की सावकाश. चहा टाकते."

थेंबाच्या आकाराची पेटी, एका बाजूने निमुळती. पाठ आणि बाजू अक्रोडाच्या, वरची फळी फिकट लाकडाची. मोबाइलचा दिवा भोकातून आत टाकला : कारागिराची चिठ्ठी आहे, पेन्सिलने क्रमांक घातलाय. म्हणजे कुणीतरी आपलं काम म्हणून सही करून सोडलेलं वाद्य. आत भुशासारखी पूड कुठे नाही, बारीक गोल छिद्रंही नाहीत, म्हणजे कीड नाही. वासही कोरडा. खुंट्या गिटारीसारख्या दातेरी चाकांच्या. फिरवून पाहिल्या, सगळ्या गुळगुळीत फिरतात. लाकडी, नुसत्या घट्टपणावर उभ्या राहणाऱ्या खुंट्या जुन्या वाद्यांना शोभतात, पण पुण्याच्या पावसाळ्यात त्या फुगून अडकतात आणि मार्च आला की सुटतात. नवशिक्याला दातेरीच बऱ्या.

तारा गंजून तपकिरी. एक तुटलेली, बाकी ढिल्या, आणि घोडी वाद्य ठेवायच्या पेटीच्या खिशात सुटी. त्यामुळे वाजवून बघायचा प्रश्नच नव्हता. पट्टी काढली. मेरूपासून तिसरा पडदा पावणेसात इंच, चौथा ९, सातवा साडेतेरा. पुन्हा मोजलं, तेच. तार २७ इंचांची. सहा आणि सातच्या मध्ये साडेसहावा पडदा व्यवस्थित बसवलेला, मागाहून घातलेला नाही. दांडीवर पट्टी उभी धरून खालून उजेड पाहिला, मध्ये पोक नाही.

दोष एकच मोठा : पाठीवर रेषेतून गेलेली भेग, चार बोटं लांब. अंगठ्याने दाबलं की हलते, पण लाकूड कुठे झिजलेलं नाही, कडा एकमेकींत बसतात.

काकूंना सगळं दाखवलं. भेग हीच, तारा नव्या लागतील, दुरुस्तीला असा असा खर्च येईल. तरी हे चांगल्या हाताचं काम आहे, माझ्या मते दहा हजार रास्त. त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "शिकणार असतील तर द्या." मी पांढरी दोनबद्दल सांगितलं तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे ह्यांचीच पट्टी!" काका भजनं म्हणत असत असं कळलं.

वाद्य ठेवायची पेटी, सुनेची शिकण्याची वही आणि एक लाकडी काडी त्यांनी बरोबर दिली. वहीत पानापानावर पडद्यांचे आकडे आहेत, बारीक, नीटनेटक्या अक्षरात. ती वही मी फोटो काढून परत पाठवणार आहे. तिच्या हातची आहे, तिच्याकडेच राहावी.

१४ जानेवारी

संक्रांत. कोरड्या मऊ कापडाने पुसून ठेवलं, एवढंच. तेल, पॉलिश काही नाही. भेग सांधायच्या आधी तेल लावलं तर सरस धरत नाही.

२४ जानेवारी

शुक्रवार पेठेतल्या कारागिरांकडे नेलं. सतारी-तंबोरे दुरुस्त करतात; काम मिरजेत शिकलेले. डल्सिमर त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. पण हातात घेतल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे कानाजवळ धरून पाठीवर बोटाच्या पेरांनी ठकठक करत सगळ्या कडांवरून गेले. एका जागी थांबले, पुन्हा ठोकलं, मलाही ऐकवलं. बाकी ठिकाणी आवाज घट्ट येत होता, तिथे किंचित फाटका. भेगेपासून बरंच दूर, बाजूच्या सांध्यात. माझ्या दिव्याला ते दिसलं नव्हतं.

"भेग दिसती म्हणून सगळे भेगच बघतात. सांधा सुटलेला कुणी बघत नाही."

फेव्हिकॉल की सरस, यावर त्यांचं उत्तर ठाम होतं. सरस ऊब आणि ओल दिली की परत सुटतो. उद्या कुणाला वाद्य उघडायचं झालं तर लाकूड न फाडता उघडता येतं. फेव्हिकॉलने चिकटवलेलं पुढच्या कारागिराला शिव्या द्यायला लावतं. सरस पातळ करून, भेग अंगठ्यांनी खालीवर हलवत, तो आत ओढला जाईपर्यंत लावला. मग सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या काढल्या आणि पेटीभोवती ताणून गुंडाळल्या. शिकंजा लावला तर तो एका जागी दाबतो, पातळ पाठ चेपते. रबर सगळीकडून सारखं ओढतं. आतून आडवी चिपटी लावावी का याचाही विचार झाला. भोकांतून हात जात नाही आणि भेगेच्या कडा नीट बसल्यात, म्हणून नको ठरलं.

घोडी पाहून त्यांनी एक कल्पना मांडली : हिला जवारी काढू का? तंबोऱ्यासारखी रुंद, किंचित उताराची घोडी केली तर आधाराच्या दोन तारांना झंकार येईल. मला मोह झाला. बराच वेळ बोललो. इथली घोडी अरुंद, धारेसारखी. तार एका रेषेवर टेकते आणि म्हणूनच पडद्यांची मापं खरी ठरतात. रुंद घोडीवर तार नक्की कुठून सुटते ते दर तारेला वेगळं होईल आणि चालीच्या तारेचा सूर बिघडेल. शिवाय या वाद्याचा स्वभाव कोरडा, थोडा नाकातला, पहाटेच्या हवेसारखा स्वच्छ. तो मोडून त्याचा तंबोरा कशाला करायचा? तंबोरा घरी आहे. ते हसून म्हणाले, "मग राहू दे ह्याचं ह्याला."

आठवड्याने परत आणायचं.

१ फेब्रुवारी

आणलं. भेगेची रेघ दिसते, हलत नाही. सांध्यावर ठोकलं, आवाज भरला.

आज तारा. डल्सिमरचे तयार संच इथे मिळत नाहीत, पण गिटारीच्या तारा चालतात. अकूस्टिक गिटारीचा एक्स्ट्रा लाइट संच घेतला, ज्यात पहिल्या तीन तारा १०, १४ आणि २३ अशा असतात, इंचाच्या हजाराव्या भागात. १० चालीला, १४ मधल्या पंचमाला, २३ ची गुंडाळलेली तार खर्जाच्या षड्जाला. चालीच्या तारा दोन असल्याने १० ची एक सुटी घेतली. जाड तीन तारा उरल्या, त्या भाच्याच्या गिटारीला.

एक अडचण : गिटारीच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो आणि या वाद्याच्या शेपटीला बारीक खिळे आहेत, ज्यांवर तारेचा फास अडकतो. मणी पक्कडीत कडेने धरून हळूहळू दाबला की तो चपटा होऊन तडकतो आणि निघतो. राहतो तो नेमका हवा तेवढा फास. डोळ्यांवर चश्मा हवा, पितळेचा तुकडा उडतो.

घोडी बसवताना आधी साडेतेरा अधिक साडेतेरा अशी २७ वर उभी केली, तारा अर्ध्या ताणल्या. मग सातव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा बारीक स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर जुळवून पाहिले. दाबलेला चढा आला तर घोडी मागे, उतरा आला तर पुढे, केसभर केसभर. खर्जाच्या बाजूने थोडी जास्त मागे गेली, म्हणजे घोडी किंचित तिरकी बसली. जुळल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची बारीक खूण केली.

तारांची उंची पाहायला एटीएम कार्ड बरं पडतं, ते पाऊण मिलिमीटरचं असतं. सातव्या पडद्यावर तार आणि पडद्याच्या मध्ये तीन कार्डं जेमतेम सरकली. बोटाला सोपं आणि झणझणही नाही. तसंच ठेवलं.

२ फेब्रुवारी

सूर लावला. पांढरी दोन. तंबोरा शेजारी.

मांडीवर घसरत होतं, खाली सुती पंचा घातल्यावर थांबलं. मेरूची बाजू डावीकडे, उजवा गुडघा जरा बाहेर.

पहिला राग भूप. सा, रे, ग, प, ध, सा : मोकळी, एक, दोन, चार, पाच, सात. निषाद नसल्याने सहा-साडेसहाचा प्रश्नच नाही, मध्यम नसल्याने तिसरा पडदाही सोडायचा. कुणाही मराठी माणसाने या वाद्यावर भूपापासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. सूर कानात आहेतच, हाताने फक्त जागा शोधायच्या. त्याच्या पाठोपाठ दुर्गा : मोकळी, एक, तीन, चार, पाच, सात.

गंधारावर मात्र कान अडला. दुसऱ्या पडद्याचा ग तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा आहे. पडदे सप्तकाच्या बारा समान वाटण्यांच्या हिशेबाने बसवलेले, त्यामुळे तो सुमारे १४ सेंट वर बसतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). हार्मोनियमवरही हीच तक्रार असते. तंबोरा बंद करून फक्त डल्सिमरच्या स्वतःच्या दोन तारांवर वाजवला तेव्हा बोच कमी झाली.

१५ फेब्रुवारी

काडीने वाजवायला लागलो आणि वाद्य उलगडलं. काकूंनी दिलेल्या काडीपेक्षा मला बांबूची बरी वाटते : बोटभर जाड, करंगळीपेक्षा थोडी लांब, काचपेपरने घासलेली. ती तारेवर दाबून सरकवली की एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना मधला आवाज ऐकू येतो. ती मींड नव्हे, पायऱ्या राहतातच. पण तुटकपणा जातो. नखी जुन्या काळी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करत. मी मुदत संपलेल्या कार्डाची कापली.

जीन रिची या अमेरिकन लोकगायिकेचं वादन पुन्हा पुन्हा ऐकतोय. केंटकीतल्या व्हायपर गावी १९२२ मध्ये जन्म, चौदा भावंडांत धाकट्या. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कला गेल्या आणि घरातली गाणी व डल्सिमर घेऊन गेल्या; डोंगराबाहेर हे वाद्य माहीत झालं त्यात त्यांचा वाटा सर्वात मोठा. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून घरातल्या गाण्यांची मुळं शोधायला ब्रिटन-आयर्लंडला गेल्या. २०१५ मध्ये वारल्या. त्यांच्या गाण्यात वाद्य गळ्याच्या पुढे जात नाही. आधारस्वर चालू, चाल गळ्याबरोबर, कडवं संपलं की थोडं मोकळं. आमच्याकडे भजनात एकतारीवाला हेच करतो.

त्यांच्याही आधीचे, केंटकीचेच जेम्स एडवर्ड थॉमस, १८५० ते १९३३. आयुष्यभर डल्सिमर घडवले. सहाव्या-सातव्याच्या मधला पडदा तेव्हा रूढ नव्हता. ती माणसं सा वेगळ्या पडद्यावर धरून तार त्या हिशेबाने लावत आणि तेवढ्यात सगळं गात.

८ मार्च

आजचा दिवस मोठा.

चालीची तार डी वरून एक पूर्ण स्वर खाली, सी ला उतरवली. डी-ए-सी. आता मोकळी तार कोमल निषाद, सा पहिल्या पडद्यावर. दोन रे, तीन कोमल ग, चार म, पाच प, सहा कोमल ध, सात कोमल नी, आठ सा. आसावरी थाट, वहीत लिहिला होता तसाच.

मग साडेसहाव्यावर बोट गेलं. तो इथे शुद्ध धैवत. म्हणजे सहा सोडून साडेसहा घेतला की हाच काफी! वहीत काफीसाठी मी सा चौथ्या पडद्यावर धरला होता. त्यासाठी तार पार जी पर्यंत उतरवावी लागते, आणि १० ची बारीक तार तिथे लोंबते. जाड तार चढवण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याची गरजच उरली नाही. एका जुळणीत खमाज-बिलावल, दुसरीत आसावरी-काफी, आणि दोन्हीकडे निवाडा करणारा पडदा तोच. रात्री उशिरापर्यंत काफीच वाजवत बसलो. बायको आतून म्हणाली, "आता होळी जवळ आली हे कळतंय." पलीकडच्या खोलीतून तिने ठुमरीची ओळ धरली, मी नुसते षड्ज-पंचम छेडत राहिलो.

२९ मार्च

हवा कोरडी झाली. घरातला आर्द्रतेचा काटा दुपारी पंचवीसच्या आसपास. अशा वाद्यांना पंचेचाळीस ते पंचावन्न मानवते.

दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं तर पडद्यांची टोकं बोचली. जानेवारीत बोचत नव्हती. पडदा धातूचा, तो आहे तेवढाच राहतो; लाकूड रुंदीत आक्रसतं आणि टोकं उघडी पडतात. दांडीवर चिकटपट्टी लावून बारीक कानसने टोकं तिरकी घासली, एकेक करत, वरच्या फळीला ओरखडा जाऊ न देता. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, पिळलेला स्पंज ठेवला आणि डबी वाद्याच्या पेटीत. भेग बंदच आहे. गाडीत ते क्षणभरही ठेवत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत सरस विरघळेल.

चालीच्या दोन तारांपैकी एक काढून ठेवली. दोन्ही अगदी एकसुरी लावण्यात वेळ जातो, आणि एका तारेवर काडी जास्त स्वच्छ चालते. आवाज थोडा कमी झाला, चालेल.

१२ एप्रिल

नाशिकहून आतेभावाचा फोन. तिथल्या एका घरातून जुना डल्सिमर मिळतोय, घेऊ का? फोटो पाठवले, छान दिसतो. फोटो नको, मापं पाठव म्हटलं : मेरूपासून तिसरा, चौथा, सातवा. संध्याकाळी आली. साडेसहा, साडेआठच्या थोडं पुढे, तेरा. चौथ्याचं पुन्हा मिलिमीटरमध्ये मागवलं : २२०. बरोबर. २६ इंचांच्या तारेचं खरं वाद्य.

पण साडेसहावा पडदा नाही. जुन्या पद्धतीचं आहे. त्यामुळे सोडायचं का, असं त्याने विचारलं. मी शुक्रवार पेठेत कारागिरांना फोन केला; ते म्हणाले, एक खाच पाडून एक पडदा बसवणं हे तासाभराचं काम, फक्त जागा अचूक सांगा. जागा काढली : तारेच्या लांबीला ०.४७०३ ने गुणायचं, म्हणजे मेरूपासून १२.२३ इंच, ३१०.६ मिलिमीटर. भावाला कळवलं की घे, आणि पुढच्या रविवारी वाद्य घेऊन पुण्याला ये. येताना घोडी कागदात गुंडाळून वेगळी आण, तारा ढिल्या करून.